एक 'ओन्ली' इकडचा तिकडे झाला, तर गिऱ्हाईक जातं!



शनिवारी आपल्या शिंगणापुरात आंध्र, तेलंगणा, कर्नाटक, कुठकुठून भाविक येतात. त्यांना मराठी येत नाही, हिंदीही जमेलच असं नाही. मग मोडकंतोडकं इंग्लिश कामाला येतं. मोडकं चालतं हो, पण अर्थच उलटा झाला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. म्हणून व्हिडिओतले मुद्दे इथे लिहून देतोय.

1. ओन्ली : हा आपला 'च'. 'च' शब्दाच्या शेवटी चिकटतो, ओन्ली शब्दाच्या आधी बसतो. 'वुई सेल ओन्ली प्युअर ऑइल' म्हणजे आम्ही शुद्धच तेल विकतो. 'ओन्ली वुई सेल प्युअर ऑइल' म्हणजे आम्हीच शुद्ध विकतो, बाकी सगळे भेसळवाले! शेजाऱ्याशी भांडण फुकटचं. आणि पूजेचं ताट घेतलं तरच पार्किंग फ्री असेल, तर 'ओन्ली इफ यू बाय' हे गाडी लावायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

2. टू आणि व्हेरी : 'टू चीप' म्हणजे नको इतकं स्वस्त. गिऱ्हाईकाला मालावरच शंका येते. 'व्हेरी रीझनेबल' म्हणा.

3. हार्ड आणि हार्डली : 'वुई वर्क हार्ड' म्हणजे मेहनत करतो. 'वुई हार्डली वर्क' म्हणजे काम जवळपास करतच नाही!

4. नियरली आणि अबाउट : नियरली म्हणजे थोडं कमी, अबाउट म्हणजे थोडं कमी-जास्त. शिर्डी किती लांब विचारलं, तर 'अबाउट सेव्हंटी किलोमीटर्स'.

5. ट्रॅडिशनली : 'नो डोअर्स? रिअली?' हा प्रश्न रोजचाच. उत्तर द्या, 'ट्रॅडिशनली, हाउसेस हिअर हॅव नो डोअर्स.' म्हणजे परंपरेने. एखाद्या नव्या इमारतीला दार दिसलं तरी तुम्ही खोटे ठरत नाही. 2011 मध्ये यूको बँकेने इथे बिनकुलुपाची शाखा उघडली, तेही सांगा. गिऱ्हाईक थांबून ऐकतं.

जाता जाता एक वाक्प्रचार : 'वन्स इन अ ब्लू मून', म्हणजे आपलं सठीसहामाशी. एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. निळ्या रंगाशी संबंध नाही.

पाचही वाक्यं कागदावर लिहून गल्ल्याजवळ चिकटवा. येत्या शनिवारी निदान एक तरी वापरा. आपल्या गावाचं नाव विश्वासावर चालतं, तर बोलणंही नेमकं हवं!