शेपटीवरचा रंग आणि रांगेतला नंबर



2024 च्या नोव्हेंबरात एका सकाळी ऑफिसात मेल आली: आमची कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन होणार. मेल लांबलचक आणि गोडगोड होती. "सिनर्जी" हा शब्द तीनदा आला होता, पण कोणाची नोकरी राहणार याबद्दल एक ओळ नव्हती. वाखनिंगनच्या आसपास बियाण्यांच्या आणि अन्नप्रक्रियेच्या कंपन्या भरपूर, त्यामुळे असल्या मेली इथे नवीन नाहीत. (कंपनीचं नाव सांगत नाही, अजून तिचंच मीठ खातोय!)

योगायोग असा की त्याच आठवड्यात, 12 नोव्हेंबरला, विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्या बातम्या वाचताना जाणवलं की तिथले वैमानिक जे विचारत होते, तेच माझ्याही मनात होतं. मग या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी या चक्रातून जातात, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या गल्लीत एक निवृत्त डच वैमानिक राहतात. कुंपणापलीकडून गप्पा मारताना त्यांनी दोन गोष्टी समजावल्या. पहिली म्हणजे वैमानिकाला "विमान" चालवता येतं असं नसतं, त्याला ठराविक जातीचं विमान चालवायचा परवाना असतो. एअरबसचं ए-319, 320 आणि 321 हे एकाच परवान्यात बसतं. पण एअरबसवरून बोइंगवर जायचं, तर पुन्हा वर्ग, पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा परीक्षा. दुसरी गोष्ट म्हणजे ज्येष्ठता यादी. कॅप्टन कधी व्हायचं, मोठं विमान कधी मिळायचं, दिवाळीला (त्यांच्या बाबतीत ख्रिसमसला) घरी राहता येणार का, हे बहुतेक कंपन्यांत यादीतल्या नंबरावर ठरतं. कंपनी बदलली की पुन्हा तळापासून सुरुवात. आजोबा म्हणाले, "आम्हाला पगाराआधी नंबर आठवतो."

आता दोन कंपन्या एक झाल्या, की याद्याही दोन आणि ताफेही दोन. त्या कशा जोडायच्या?

याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे 2007 साल. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या 1953 च्या राष्ट्रीयीकरणापासून वेगळ्या वाढलेल्या दोन सरकारी कंपन्या त्या वर्षी एक केल्या. नागरी उड्डाणमंत्री होते आपले गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. गंमत बघा, विलीनीकरणाच्या जेमतेम दीड-दोन वर्षं आधी दोघींनी विमानांच्या प्रचंड ऑर्डरी दिल्या होत्या, त्याही वेगवेगळ्या दुकानांत. एअर इंडियाने 68 बोइंग, इंडियन एअरलाइन्सने 43 एअरबस. शेपटीवरचा रंग पटकन एक झाला. पण उड्डाणांच्या क्रमांकातली "एआय" आणि "आयसी" ही दोन अक्षरं 2011 पर्यंत वेगळी राहिली, आणि वैमानिकांच्या संघटनाही दोनच राहिल्या.

2011 च्या एप्रिल-मे मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले. मागणी अशी की कंपनी एक, तर पगारही एकसारखा द्या. त्यानंतर सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली, कर्मचाऱ्यांचं एकत्रीकरण कसं करायचं हे सांगायला. म्हणजे लग्न 2007 मध्ये लागलं आणि याद्या करायला बसले 2011 मध्ये!

पुढच्या वर्षी उलट बाजू उठली. मे 2012 मध्ये मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला, तो 58 दिवस चालला. कारण होतं बोइंग 787, म्हणजे ड्रीमलायनर. ही विमानं आमच्या कंपनीने मागवली, आमच्या बढत्या त्यांच्यावर अवलंबून आहेत, मग त्यांचं ट्रेनिंग दुसऱ्या बाजूला का, असा त्यांचा सवाल. दुसरी बाजू म्हणे, आता "आमची कंपनी" आणि "तुमची कंपनी" उरलीच कुठे? दोघांचंही म्हणणं खरं होतं, हीच खरी अडचण. पहिलं ड्रीमलायनर सप्टेंबर 2012 मध्ये आलं. विमान पोचायच्या आधीच त्यावरून महायुद्ध होऊन गेलं होतं.

इकडे नेदरलँड्समध्ये 2004 साली केएलएम आणि एअर फ्रान्स एकत्र आल्या. त्यांनी वेगळी वाट धरली. वर एकच मालक कंपनी, खाली दोन्ही विमान कंपन्या आपापल्या नावाने. वैमानिकांच्या याद्या वेगळ्याच ठेवल्या. त्यामुळे नंबराचं भांडण टळलं, पण नव्या विमानांची वाढ स्किपोलला की पॅरिसला, ही धुसफूस उरलीच. फेब्रुवारी 2019 मध्ये डच सरकारने थेट 14 टक्के शेअर विकत घेतले, ते पॅरिसच्या टेबलावर आपली खुर्ची असावी म्हणून. ताफाही बदलतो आहे. केएलएमचं प्रवासी जंबो 747 कोविडमुळे मार्च 2020 मध्येच निवृत्त झालं. युरोपातल्या छोट्या फेऱ्यांवर वर्षानुवर्षं बोइंग 737 होतं, तिथे 2024 पासून एअरबस येऊ लागलं. ऑर्डर डिसेंबर 2021 ची, म्हणजे ट्रेनिंगची तयारी करायला अडीच वर्षं हातात होती.

विस्ताराच्या वेळी भारतात ताफ्याचा प्रश्न सौम्य होता, दोन्हीकडे ए-320 आणि 787 होतीच. शिवाय टाटांच्या एअर इंडियाने 2023 मध्ये 470 विमानांची ऑर्डर जाहीर केलेली, म्हणजे वैमानिक कमीच पडणार. तरीही मार्च-एप्रिल 2024 मध्ये विस्ताराचे अनेक वैमानिक एकदम "आजारी" पडले आणि उड्डाणं धडाधड रद्द झाली. नव्या करारात हमीचा पगार 70 तासांऐवजी 40 तासांचा होणार होता, आणि एकत्र यादीत आपण कुठे, ही धास्ती होतीच. नोकरी जाणार नव्हती. पण नोकरी राहणं आणि नोकरीतली जागा राहणं, यात फरक आहे.

अर्थात कंपनी बुडण्यापेक्षा हे बरं, हेही खरं. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेजचं 777 स्किपोलवर थकबाकीपोटी अडकवून ठेवलं, आणि आठवड्याभरात कंपनी थांबली. तिथे यादीच उरली नाही.

आता माझी गोष्ट. आमच्याकडे एका बनावटीची यंत्रं, त्यांच्या लॅबमध्ये दुसऱ्या. ठरलं, त्यांचीच ठेवायची. म्हणजे 46 व्या वर्षी मी परत विद्यार्थी. आणि यादी? इथल्या कायद्यात आर्थिक कारणाने कपात करताना एकसारख्या कामाच्या लोकांचे वयोगट पाडतात, आणि प्रत्येक गटात शेवटी आलेला आधी जातो. माझ्या गटातले डच सहकारी वीस-वीस वर्षं मुरलेले, मी सहा वर्षांचा. रांगेत शेवटचा! त्यातल्या एकाने आपणहून पैसे घेऊन बाहेर पडायचं ठरवलं, म्हणून मी वाचलो. माझं कर्तृत्व शून्य.

तरुणांच्या गटात शेवटी होती आमच्या नागपूरची एक मुलगी. दोन वर्षांची नोकरी, कुशल स्थलांतरितांचा परवाना. तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की नवी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने. ती पुण्याला परत गेली. निरोपाला घरी पुरणपोळी केली, पण घास कोणाच्याच घशाखाली उतरेना.

तेव्हा मंडळी, तुमच्याकडे अशी मेल आली तर नव्या नावावर आणि लोगोवर चर्चा करत बसू नका. पहिल्याच आठवड्यात विचारा: यादी कशी जोडणार? यंत्रं कोणाची राहणार आणि शिकवणार कोणाला? नेदरलँड्समध्ये पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपनीत कर्मचारी परिषद असावी लागते, आणि विलीनीकरणाआधी तिचा सल्ला घेणं कायद्याने बंधनकारक आहे. आपले लोक त्या परिषदेच्या वाटेला जात नाहीत. मीही गेलो नव्हतो. पुढच्या निवडणुकीला उभा राहतोय, डच भाषा मोडकीतोडकी असली तरी.

तुमच्या देशात हा नियम कसा आहे, जरूर लिहा. चू. भू. द्या. घ्या.

वाखनिंगनहून, लोभ असावा.