जॉयस्टिकचा दुभाषी

माळ्यावरची वस्तू खाली आली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, राहू द्या, कधीतरी लागेल. दुसरा म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका. आमच्याकडे माळा उतरवला तेव्हा एक जड, काळी जॉयस्टिक निघाली आणि मी निमूटपणे पहिल्या पक्षात गेलो. माझे थोरले भाऊ कुवेतला नोकरीला होते. 1999 साली सुट्टीवर येताना त्यांनी ती मुलासाठी आणली होती. भाऊ आता नाहीत. पुतण्या म्हणाला, "चाचा, अब्बा माझ्या हातावर हात ठेवून विमान उडवायचे. ही दांडी आम्हां दोघांनाही ओढायची."

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विजेशी माझा संबंध फ्यूज बदलण्यापुरता. पण त्या 'ओढायची'ने मला कामाला लावले.

साधी जॉयस्टिक फक्त ऐकते. हात जिकडे वळवाल तिकडे पडद्यावरचे विमान वळते, संपले. ही दुसऱ्या जातीची, 'फोर्स फीडबॅक'वाली. हिच्या बुडाशी मोटारी असतात आणि त्या हाताला उत्तर देतात. विमानाचा वेग वाढला की दांडी ताठ होते, बंदूक झाडली की धक्का बसतो, वेग फार घटून विमान कोसळायच्या बेतात आले की मूठ थरथरते. छोट्या खऱ्या विमानात पंखावरच्या हवेचा दाब तारांमधून वैमानिकाच्या तळहातापर्यंत पोहोचतो. त्याचीच ही नक्कल. आमची जॉयस्टिक मायक्रोसॉफ्टची 'साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो', 1997 साली बाजारात आलेली.

विजेला जोडली, तर दिवा लागला. म्हणजे जीव होता. अडचण दुसऱ्या टोकाला होती. तिच्या वायरीला 15 पिनांचा प्लग आणि आजच्या संगणकाला तसले भोकच नाही.

या भोकाची गोष्ट मोठी गमतीची आहे. 'गेम पोर्ट' नावाची ही जोडणी आयबीएमने 1981 साली आणली. पुढे ती संगणकाच्या साउंड कार्डावर जाऊन बसली आणि तिच्यातल्या दोन पिना 'मिडी'ला मिळाल्या. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची 1983 सालची सांकेतिक भाषा. आता पाहा, गेम पोर्ट मुळात जॉयस्टिकचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी केलेला. तिला उलट काही सांगायचे, तर वाट कुठे होती? होती ती एकच, संगीताची. अभियंत्यांनी तीच पकडली. सेकंदाला 31,250 बिट या वेगाने धक्के आणि थरथर यांचे हुकूम स्वरांच्या वाटेने जाऊ लागले. मोटारी कशा हलवायच्या, हे जॉयस्टिकमधला छोटा प्रोसेसर पाहून घेई. तोफेचा दणका पेटीच्या सुरांच्या गल्लीतून जातो, हे कळल्यावर मी दोन दिवस खुशीत होतो.

मग यूएसबी आले आणि ही गल्ली ओस पडली. 2007 साली घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टाने गेम पोर्टला ओळख द्यायचेच बंद केले. वस्तू शाबूत, पण तिची बोली समजणारे कोणी उरले नाही.

पहिली चूक मी सगळेजण करतात तीच केली. 15 पिना ते यूएसबी असे स्वस्तातले कन्व्हर्टर आणले. प्लग झकास बसला, पण संगणक ढिम्म. कारण नंतर समजले. ही कन्व्हर्टरे जुन्या, साध्या जॉयस्टिकसाठी असतात. त्या आपली दिशा विजेच्या रोधातून सांगतात. साइडवाइंडर मात्र आकड्यांत बोलते. शिवाय संगीताची ती परतीची तार कन्व्हर्टरमध्ये जोडलेलीच नसते.

हवा होता दुभाषी, आणि तो मिळतो. एटीमेगा 32 यू 4 ही चिप असलेले दोन बोटांएवढे सर्किट घ्यायचे, त्याला 15 भोकांचे सॉकेट डाखायचे आणि त्यात 'अ‍ॅडॅप्ट-एफएफबी-जॉय' हा प्रोग्रॅम भरायचा. हौशी मंडळींनी तो लिहून सर्वांसाठी खुला ठेवला आहे. तो ठरावीक अंतराने टिचक्या मारून जॉयस्टिकला जागी करतो, तिचे आकडे वाचतो, संगणकाचे हुकूम मिडीत उलथून तिला देतो. यातली खरी चलाखी पुढेच आहे. संगणकाला तो सांगतो, मी 'साइडवाइंडर फोर्स फीडबॅक 2'. ही त्याच घराण्यातली धाकटी, यूएसबीवाली. यूएसबीच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे बोलत असल्यामुळे विंडोज 10 आणि 11 तिला सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखतात. तुमच्या माळ्यावर ही धाकटी असेल, तर एवढा खटाटोपच नको; यूएसबीत खुपसा आणि बघा.

डाखकाम मी केले नाही. बाजारातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राने केले, आणि वर चहाही त्यानेच पाजला. त्याचा एक सल्ला सांगून ठेवतो. जॉयस्टिक अमेरिकेतून आलेली असेल, तर तिच्या अ‍ॅडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा आधी वाचा. 120 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आपल्या 230 वर लावलात, तर दुभाष्याची गरजच उरणार नाही.

सगळे जोडले, तरी दांडी मेल्यासारखी. मी हिरमुसलो. मित्र म्हणाला, "मियाँ, लांबून काय बघताय, पकडा तरी!" मुठीत एक सेन्सर असतो, हाताने तो झाकला गेला नाही, तर मोटारी जोर लावत नाहीत. माणूस नसताना दांडीने उगाच थैमान घालू नये, म्हणून ही सोय. त्यावर 20-22 वर्षांची धूळ होती, ती पुसली.

पुतण्याने 'डीसीएस वर्ल्ड' हा विमानांचा खेळ सुरू केला. पुढे-मागे यायचा जोर डावी-उजवीकडे येऊ लागला. खेळाच्या सेटिंगमध्ये अक्षांची अदलाबदल करायची एक चौकट असते, तिथे खूण केली. मग इंजिन धडधडले, विमान धावपट्टीवर पळू लागले आणि दांडी हळूहळू ताठ होत गेली. पुतण्या काही बोलला नाही. त्याने मुलीला जवळ बोलावले, तिचा हात मुठीवर ठेवला आणि वर आपला. ती ओरडली, "अब्बू, ही खेचतेय!" तेवढ्यात विमान धावपट्टी सोडून गवतात गेले.