मुठी गालाशी

बदलापूरहून कूपरेजला सामना बघायला जायचं म्हणजे अर्धा दिवस लोकलच्या हवाली. अंबरनाथ, उल्हासनगर मागे टाकत सीएसएमटीला उतरायचं, फोर्टमधून पायी मैदान गाठायचं, दीड तास खेळ बघायचा आणि परतीच्या गाडीत उभ्याने विचार करायचा की आज आपण बघितलं तरी काय? मुंबई एफसीच्या प्रेक्षकाला हा प्रश्न हमखास पडे. प्रशिक्षक खालिद जमील यांचा संघ डोळ्यांना सुख द्यायला मैदानात उतरतच नसे.

बॉक्सिंगच्या रिंगणात काही जण मुठी गालाशी घट्ट धरून उभे राहतात. ठोसे खांद्यावर, कोपरावर झेलतात. समोरचा दमला, त्याचा हात जरा खाली आला, की एकच ठोसा. जमील यांचं फुटबॉल असंच. दहा जण चेंडूच्या मागे, प्रतिस्पर्ध्याला हवं तेवढं नाचू द्यायचं, मग एक लांब पास आणि पुढे धावणारा एखादा चपळ पोरगा. या खेळाला नाकं मुरडणारे पुष्कळ होते. प्रामाणिकपणे सांगतो, मीही त्यातलाच.

तेव्हा आपल्याला हवं होतं ते डच फुटबॉल. २०१२ साली गोव्याच्या सावियो मेदेरा यांच्यानंतर भारतीय संघाची सूत्रं विम कोव्हरमन्स यांच्याकडे आली. हे बचावपटू. १९८८ची युरो जिंकणाऱ्या नेदरलँड्सच्या चमूत ते होते, पण त्या स्पर्धेत एक मिनिटही मैदानावर उतरले नाहीत. पुढे रोनाल्ड कूमन आणि फ्रँक रायकार्ड असल्यावर दुसरं काय होणार! बाकावर बसून खेळ वाचणारा माणूस चांगला मास्तर होतो, असं म्हणतात. कोव्हरमन्स यांनी बॉब हौटन यांच्या काळातले लांब फटके बंद करून चेंडू जमिनीवर आणला. २ सप्टेंबर २०१२ला दिल्लीत कॅमेरूनशी २-२ बरोबरी आणि मग पेनल्टींवर ५-४ असा नेहरू चषक जिंकला. कॅमेरूनचा तो खरा पहिल्या फळीचा संघ नव्हता, पण आनंद खोटा नव्हता. त्याच सुमारास भारतीय फुटबॉल महासंघाचे तांत्रिक संचालक रॉब बान डच, आणि पुढच्या हंगामात पुणे एफसीचे प्रशिक्षक माइक स्नोई हेही डच. जणू सगळा अभ्यासक्रमच आयात केला होता.

वर्षभरात हिशेब उलटा फिरला. सप्टेंबर २०१३मध्ये काठमांडूत दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानने आपल्याला २-०ने हरवलं. त्रिकोण करून चेंडू फिरवायची सवय आठव्या-नवव्या वर्षी लागते. पंचविशीतल्या खेळाडूला ती चार दिवसांच्या शिबिरात कोण लावणार? दोष एकट्या कोव्हरमन्स यांचा नव्हता. २०१४च्या अखेरीस ते गेले.

त्या सगळ्या काळात इकडे जमील मुंबई एफसीचा संसार चालवत होते. कुवेतमध्ये १९७७ साली जन्म, महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळ, दुखापतींनी कारकीर्द अर्ध्यावर तोडली आणि २००९ साली ते प्रशिक्षक झाले. पैसा बेताचा, कूपरेजचं काम निघालं तेव्हा ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला. तरी सात वर्षं संघ आय-लीग या तेव्हाच्या सर्वोच्च स्पर्धेतून खाली घसरला नाही. २०१६ला जमील बाहेर पडले; पुढच्याच हंगामात संघ तळाला गेला, आणि मग बंदच झाला.

आणि जमील? ते मिझोरमच्या ऐझॉलला गेले. हा संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत आलेला. मुंबईचा जयेश राणे जमील यांच्यासोबत तिथे गेला. ३० एप्रिल २०१७, शिलाँग. आय-लीगच्या विजेतेपदासाठी ऐझॉलला शिलाँग लाजाँगशी फक्त बरोबरी हवी होती. नवव्या मिनिटाला डिपांडा डिकाने लाजाँगचा गोल केला. सदुसष्टाव्या मिनिटाला ऐझॉलच्या लालनुनफेलाने तो फेडला. १-१. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. मुठी गालाशी धरून उभा राहिलेला माणूस देशाचा विजेता झाला होता. त्या रात्री माझी नाकं मुरडणारी जमात गप्प झाली.

१ ऑगस्ट २०२५ रोजी जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी या खुर्चीवर भारतीय माणूस बसला. सव्वा महिन्यातच ताजिकिस्तानात मध्य आशियाई काफा स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक आणला. लगेच ‘आपल्या मातीतला गुरू’ वगैरे सुरू झालं. मला ते पटत नाही. पासपोर्ट बदलून फुटबॉल बदलत नाही. आमच्या लाइनवरची पोरं तासाच्या भाड्याने घेतलेल्या टर्फवर पाच-पाच जणांचा खेळ खेळतात. अकरा जणांचं मैदान त्यातून कळत नाही. डच मास्तर याच भिंतीवर आपटला, मुंबईकरालाही तीच भिंत लागली.

१४ ऑक्टोबर २०२५, मडगावचं फातोर्डा मैदान, आशिया चषकाची पात्रता फेरी. चौदाव्या मिनिटाला छांगतेने भारताला आघाडी दिली. मग सिंगापूरच्या सोंग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि नंतर एक असे दोन गोल केले. भारत १, सिंगापूर २. २०२७च्या आशिया चषकात आपण नाही.