साखरेच्या मापाने इंधनाचे धोरण

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात संसदेचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले होते. ७ तारखेला नागपुरात राज्य विधिमंडळाचे कामकाज सुरू झाले आणि त्याच दिवशी केंद्रीय अन्न मंत्रालयाचा एक आदेश निघाला. उसाचा रस आणि पाक यांपासून इथेनॉल तयार करणे तत्काळ थांबवावे, असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्रात गळीत हंगाम सुरू होऊन महिना उलटला होता, तेल कंपन्यांशी पुरवठ्याचे करारही झाले होते. खासदार, कारखान्यांचे अध्यक्ष आणि सहकार क्षेत्रातील नेते यांची दिल्लीत धावपळ सुरू झाली. आठच दिवसांनी, १५ डिसेंबरला, सरकारने थोडे नमते घेतले. १७ लाख टनांपर्यंत साखर इथेनॉलकडे वळवण्यास परवानगी मिळाली. त्याआधीच्या हंगामात याच्या दुपटीहून अधिक साखर वळवली गेली होती. निर्बंध पूर्णपणे उठले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे लोकसभा निवडणूक आटोपल्यावर.

सरकारची बाजू समजण्यासारखी होती. २०२३ चा पावसाळा रुसला होता, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील ऊस घटण्याची भीती होती आणि निवडणुकीच्या वर्षात साखर महागणे कोणत्याही सरकारला परवडणारे नसते. पुढे महाराष्ट्राचे साखर उत्पादन सुरुवातीच्या अंदाजापेक्षा बरेच अधिक निघाले, ही गोष्ट वेगळी. मूळ प्रश्न मात्र त्या एका हंगामापुरता नाही. साखर कारखान्यांनी ऊर्जा कारखाने व्हावे, असे केंद्र सरकार दोन दशके सांगत आले आहे. पण उसाकडे पाहण्याची शासनाची मोजपट्टी अजून साखरेचीच आहे. ही विसंगती दूर झाल्याखेरीज उसाच्या ऊर्जेचे भवितव्य दर डिसेंबरमध्ये पणाला लागत राहील.

उसासंबंधीचे निर्णय कुठे होतात, हे दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांना सांगायला नको. साखर किती वळवायची आणि खुल्या बाजारात महिन्याला किती सोडायची, हे अन्न मंत्रालय ठरवते. उसाच्या दराची शिफारस कृषिमूल्य आयोग करतो. इथेनॉलची खरेदी पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतील कंपन्या करतात. ऊस आणि मळीपासूनच्या इथेनॉलच्या दरावर मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती शिक्कामोर्तब करते. बगॅसपासून होणाऱ्या विजेचा दर राज्यांच्या वीज नियामक आयोगांकडे असतो. अन्न आणि पेट्रोलियम ही दोन्ही मंत्रालये वर्षानुवर्षे डॉ. राजेंद्रप्रसाद मार्गावर, कृषी भवन आणि शास्त्री भवन या शेजारच्या इमारतींत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या कर्तव्य भवनात पेट्रोलियम मंत्रालयाला जागा मिळाली. फायलींमधील अंतर मात्र तेव्हाही होते आणि आताही आहे.

मळीपासून महसुलाकडे

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्क्यांच्या उद्दिष्टाने सुरू झाला. पहिले दशक रडतखडत गेले. २०१४ मध्ये हे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. त्यानंतर मात्र गती आली. २०१८ मध्ये जैवइंधनाचे राष्ट्रीय धोरण आले. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठल्याचे जाहीर झाले, आणि २०३० साठी ठेवलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये पूर्ण करण्यात आले. आपल्याकडे सरकारी उद्दिष्टे मुदतीआधी क्वचितच पूर्ण होतात. या यशाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

कारखानदारीला याचा खरा लाभ रोख पैशाच्या रूपाने झाला. गाळप चार-पाच महिन्यांत आटोपते, पण साखर वर्षभर विकावी लागते आणि २०१८ पासून तीही मासिक कोट्याने. उलट इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तीन आठवड्यांच्या आसपास हाती येतात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार शेतकऱ्याला १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास १५ टक्के व्याज लागते. ही १४ दिवसांची अट पाळण्याची ऐपत कारखान्यांना साखरेपेक्षा इथेनॉलने अधिक दिली. म्हणूनच थकीत बिलांवरून संसदेत होणारी ओरड मधल्या काळात काहीशी थंडावली.

आसवनी प्रकल्प उभारा, असे सांगण्यातही सरकारच पुढे होते. जुलै २०१८ च्या योजनेत अशा कर्जांवरील व्याजाचा काही भार केंद्राने पाच वर्षांसाठी उचलला. कारखान्यांनी हा सांगावा मानला आणि कर्जे काढली. परंतु यंत्रसामग्री पंधरा-वीस वर्षांसाठी असते, कर्जफेड अनेक वर्षे चालते आणि धोरण मात्र एका हंगामापुरते असते. रसापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे आणि बी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला ६० रुपये ७३ पैसे हा २०२२-२३ चा दर २०२४-२५ मध्येही कायम राहिला. त्याच वर्षी मक्यापासूनच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे मिळत होते.

परिणाम व्हायचा तोच झाला. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी १,०५० कोटी लिटरची मागणी नोंदवली, तेव्हा १,७७६ कोटी लिटरचे प्रस्ताव आले. प्रत्यक्ष वाटपात ऊस आणि मळी यांचा वाटा तीस टक्क्यांच्याही आत राहिला. बाकीचे धान्याकडे गेले. एकेकाळी मका निर्यात करणाऱ्या देशाला २०२४ मध्ये तो आयात करावा लागला, हा याच कथेचा दुसरा भाग. साखर कमी पडेल म्हणून उसाचा हात आखडला, तर ताण मक्यावर, पर्यायाने कुक्कुटपालन करणाऱ्यांवर आला.

शेतकऱ्याचा हिस्सा

या हिशेबात ऊस उत्पादकाचे स्थान कोणते? त्याला मिळणारा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, साखर उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता. २०१८-१९ मध्ये १० टक्के उताऱ्याला २७५ रुपये मिळत. दुसरीकडे साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि पुढची सहा वर्षे तिथेच थांबली. ऊस महागत गेला, साखरेचा आधार थिजला आणि मधली दरी इथेनॉलने भरावी, अशी अपेक्षा राहिली.

रस किंवा बी-हेवी मळी आसवनीकडे वळवली की पोत्यांत दिसणारी साखर घटते. ही घट जमेस धरून उतारा काढावा लागतो. तो हिशेब कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो आणि शेतकऱ्याला केवळ अंतिम आकडा कळतो. रंगराजन समितीने २०१२ मध्ये महसुलाच्या वाटणीचे तत्त्व मांडले: साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नाच्या ७० टक्के किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नाच्या ७५ टक्के रक्कम शेतकऱ्याला. महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यासाठी कायदाही केला. पण हे सूत्र बेतले गेले, तेव्हा इथेनॉल ही जोडकमाई होती. तीच मुख्य कमाई होऊ लागल्यावर मळीच्या किमतीवर हिशेब थांबवणे कितपत न्याय्य, असा प्रश्न शेतकरी संघटना विचारतात. त्याचे उत्तर राजकीय नेतृत्वाने टाळले आहे. याचे एक कारण असे, की कारखान्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीतले आणि सभागृहातील बाकावरचे चेहरे पुष्कळदा एकाच घरातले असतात.

विजेचा धडा आणि राज्यांचा हक्क

बगॅसच्या विजेने हाच धडा आधी दिला होता. सहवीजनिर्मितीसाठी उच्च दाबाचे बॉयलर बसवलेल्या कारखान्यांचा आधार राज्य वीज कंपन्यांशी झालेले करार हा होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथील लिलावात सौर विजेचा दर युनिटमागे २ रुपये ४४ पैशांवर आला आणि बगॅसची वीज महाग वाटू लागली. ही वीज सूर्य मावळल्यावरही मिळते, याचे मोल दरात धरलेच गेले नाही.

दुसरा प्रश्न संघराज्याचा. उत्तर प्रदेशातील लालता प्रसाद वैश्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २३ ऑक्टोबर २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलवरील राज्यांचा अधिकार मान्य केला. केंद्राचे धोरण आणि राज्यांचे उत्पादन शुल्क यांचा मेळ यापुढे वाटाघाटींनीच घालावा लागेल. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या सहकार मंत्रालयाने कारखान्यांना कर्ज आणि आयकरात दिलासा दिला. पण सर्व धागे एकत्र बांधण्याचा अधिकार त्याच्याकडेही नाही.

ब्राझीलने १९७५ मध्ये अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९८९-९० च्या सुमारास साखरेचे भाव चढताच तिथेही इंधनाचा तुटवडा झाला आणि वाहनधारकांचा विश्वास उडाला. २००३ पासून कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या मोटारी आल्या, तेव्हा तो परतला. तिथे साखर की इथेनॉल, हे बाजारभाव पाहून कारखाना ठरवतो. आपल्याकडे ते परिपत्रक ठरवते. मात्र ब्राझीलचा ऊस बहुतांश पावसावर पिकतो, हे विसरता येणार नाही. साखरेपासूनच्या एक लिटर इथेनॉलसाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद आहे. मराठवाड्याचा अनुभव गाठीशी असणाऱ्यांना या आकड्याचा अर्थ समजावण्याची गरज नाही.

त्यामुळे उसाच्या ऊर्जेला बिनशर्त हमी देणे शहाणपणाचे ठरणार नाही. पण दरवर्षी नवी अट घालणेही तितकेच घातक आहे. साखरेचा साठा अमुक पातळीखाली गेला तर वळवणुकीवर तमुक मर्यादा, हा नियम हंगामाच्या आधी आणि पाच वर्षांसाठी जाहीर करता येईल. एफआरपी आणि इथेनॉलचा दर एकाच बैठकीत, एकाच सूत्राने ठरवता येईल. ठिबक सिंचनावरील उसाला त्यात प्राधान्य देता येईल आणि इथेनॉलच्या उत्पन्नातील शेतकऱ्याचा वाटा कायद्यात लिहिता येईल. यासाठी नवे मंत्रालय नको, आहेत त्या मंत्रालयांना बांधणारा एक नियम हवा.

डिसेंबर २०२३ च्या त्या आठ दिवसांत दिल्लीत खेटे घालणाऱ्यांना थोडीफार सवलत मिळाली. ज्याचा ऊस तोडणीच्या तारखेची वाट पाहत फडात उभा होता, तो या चर्चेत कुठेच नव्हता. धोरणाची मोजपट्टी बदलायची असेल, तर सुरुवात त्याच्यापासून करावी लागेल.