बंद प्लॉटची माती

महाड एमआयडीसीत कारखाना बंद पडला की आधी रिअ‍ॅक्टर जातात, मग मोटारी, मग तांब्याची केबल. भंगारवाल्याला नको असतं तेवढंच मागे उरतं: जोती, सिमेंटचे पत्रे, अ‍ॅसिडप्रूफ विटांची फरशी, सांडपाणी शुद्धीकरणाची (ईटीपी) टाकी. दोन पावसाळ्यांत रानमोडी कंपाउंडच्या वर डोकं काढते. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी आणखी काय हवं? उंच शेड, मागे सह्याद्री, हाकेच्या अंतरावर मुंबई-गोवा महामार्ग. कॅफे आणि कलादालन कागदावर उतरायला वेळ लागत नाही.

असा प्लॉट रस्त्यावरूनच, पावसाळ्यात पाहावा. टाकळा सगळीकडे माजलेला असतो आणि मध्येच एखादा तुकडा बोडका. खाली नुसतं काँक्रीट असेल, किंवा पिंपं ओतण्याची जुनी जागा. डोळ्यांना ते कळत नाही, प्रयोगशाळेला कळतं.

गिरण्यांचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. मुंबईत भांडण जमिनीच्या भावाचं होतं. १९९१च्या नियमाने गिरणीची जमीन मोकळी जागा, घरं आणि मालक अशी वाटायची होती. १९९६मध्ये चार्ल्स कोरिया समितीने तसा आराखडाही दिला. २००१च्या दुरुस्तीने वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. चवदार तळ्याच्या महाडला त्यातली एक गिरणी जवळची आहे: बाबासाहेबांचं स्मारक दादरच्या बंद इंदू मिलच्या जागेवर उभं राहतंय. पण गिरणीत कापूस होता. महाडची वसाहत मुख्यतः रसायनांची. नोव्हेंबर २०२३मध्ये इथल्या एका औषध कारखान्यातल्या स्फोटाने ११ कामगारांचा जीव घेतला.

महाडला जवळचा दाखला जर्मनीतल्या ड्यूसबर्गचा. तिथला लोखंडाचा कारखाना १९८५मध्ये बंद झाला आणि पीटर लाट्झ यांनी भट्ट्या न पाडता त्याचं उद्यान केलं. जुन्या गॅसटाकीत आता लोक स्कूबा डायव्हिंगचा सराव करतात. आपल्याकडच्या व्याख्यानांत तोच फोटो दाखवतात. दूषित माती जुन्या बंकरांत भरून वरून बंद केली, हे क्वचितच कुणी सांगतं. आराखड्याचा कणा मात्र मातीचा हा बंदोबस्तच आहे.

महाडमध्ये वर पाणीही आहे. महाबळेश्वरची सावित्री पोलादपूरवरून इथे येते, काळ आणि गांधारी तिला मिळतात. २२ जुलै २०२१ला शहर बुडालं ते सगळ्यांना आठवतं. अशा खोऱ्यात बंद प्लॉटवर शोभेचं तळं खणणं म्हणजे खाली दबलेलं विहिरींकडे जायला वाट करून देणं. मी तरी फरशी उखडणार नाही. पत्रे ओले करून, मास्क लावून उतरवीन, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच. शेडचा सांगाडा ठेवीन आणि तिथे आग, वायुगळती नि पूर यांच्या कवायती घेईन. महाड-पोलादपूरच्या ज्या पोरांना याच वसाहतीत पाळी करायची आहे, त्यांना कलादालनापेक्षा त्याची गरज जास्त.

एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. कारखाना मेला तरी पट्टा जिवंत राहतो आणि माती कुणाची, हा प्रश्न पुढच्या धारकाच्या गळ्यात पडतो. दूषित स्थळांबाबत केंद्राने जुलै २०२५मध्ये नियम काढले, त्यात संशयित जागा हुडकण्याचं काम स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाकडे आहे. महाडचे बंद प्लॉट त्या यादीत यावेत, ही मागणी ग्रामसभांनी लावून धरावी. आणि प्रबंधाच्या परीक्षकांना एवढीच विनंती: मातीचा अहवाल पहिल्या शीटवर नसेल, तर दुसरी शीट पाहू नका.