मुलींचा खेळ व मुलींचे शिक्षण

आपल्या मुलीने शाळेत खो-खो खेळावा, यास आता सहसा कोणी हरकत घेत नाही. परंतु दहावीची परीक्षा झाली की, ‘आता खेळ पुरे, अभ्यासाकडे पाहा,’ असे घरोघरी सांगण्यात येते. खेळ व शिक्षण ही एकमेकांची वैरी होत, अशी समजूत त्याच्या मुळाशी असते. ती कितपत खरी आहे, हे आपल्या मराठवाड्यातीलच एका उदाहरणावरून पाहू.

धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे वयाच्या तेराव्या वर्षापासून खो-खो खेळू लागल्या. घरची स्थिती हलाखीची. आई शिवणकाम करी व आजी-आजोबा नातीचा सांभाळ करीत. सुमारे दहा वर्षे आपणांस दिवसातून एकदाच जेवण मिळे, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. अशा स्थितीतून वर येऊन २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले व संघाने सुवर्णपदक मिळविले.

परंतु पदकाने चूल पेटत नाही. घरच्या ओढगस्तीमुळे त्याच वर्षी त्यांनी खेळ सोडण्याचा निश्चय केला होता. आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानी घातली. त्यांनी समजूत घातली, आणि सारिकाताई मैदानावर परतल्या. पुढे क्रीडाधिकाऱ्याची नोकरी मिळून त्यांना स्थैर्य लाभले. २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोस हा मान २२ वर्षांनी लाभला होता.

आता मुलींपुढील वाटा कोणत्या, ते सांगतो. एक वाट जिल्हा संघातून राज्य संघात व तेथून राष्ट्रीय स्पर्धेत जाते. दुसरी महाविद्यालयातून निघते. परभणीची विद्यार्थिनी प्रथम महाविद्यालयाच्या व नंतर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संघात निवडली गेल्यास आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरू शकते. शिक्षण सोडले की ही वाट बंद होते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. परंतु त्या पदास लागणारी शैक्षणिक पात्रता खेळाडूसही चुकत नाही. म्हणजे पदक आणि पदवी ही एकमेकींच्या साह्यास येतात.

खो-खोच्या नियमांतही हाच बोध आहे. पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी मधल्या ओळीत आळीपाळीने विरुद्ध दिशांस तोंडे करून बसतात. धावणारीस मागे वळता येत नाही, की बसलेल्यांमधून पलीकडे जाता येत नाही. पलीकडचा गडी हवा असेल, तर बसलेल्या मैत्रिणीस मागून ‘खो’ द्यावा लागतो. एकटीने कितीही धावले तरी डाव सिद्धीस जात नाही. सारिकाताईंच्या आयुष्यात असा ‘खो’ वेळेवर आजीने व प्रशिक्षकांनी दिला.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राच्याच. प्रत्येक मुलगी तेथवर पोहोचेल असे नाही. तथापि पालकांस आमची विनंती आहे की, मुलीचे पुस्तक व मैदान यांपैकी एक काढून घेण्यापूर्वी दोन्हींसाठी दिवसाचे तास कसे वाटावेत, याचा तिच्यासह विचार करावा. आणि मुलींनीही दोहोंत कुचराई करू नये.