तान्ह्या पोळ्याचा खाऊ

पोळ्याला आठ दिवस उरले की नागपुरातल्या बालवाड्यांच्या दारावर एक कागद लागतो. मुलांनी आपापला लाकडी बैल आणावा, धोतर नाही तर नऊवारी नेसून यावं, आणि खाली ज्यांची पाळी असेल त्या पालकांचं नाव. यंदा तिथे माझं नाव होतं. त्यापुढे एकच शब्द, 'खाऊ'. वर्गात बावीस मुलं, वयं तीन ते साडेचार.

विदर्भाबाहेरच्यांना हा सण सांगावा लागतो. श्रावणी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. चाकं लावलेला बैल दोरीनं ओढत मुलं घरोघर जातात. घरची बाई बैलाला ओवाळते, मुलाच्या हातावर खाऊ ठेवते आणि बोजारा म्हणून एखादं नाणं देते. त्याच दिवशी शहरात काळी आणि पिवळी मारबत निघते, महाल-इतवारीचे रस्ते माणसांनी भरून जातात आणि शाळांना सुट्टी असते. म्हणून बालवाडीतला तान्हा पोळा पोळ्याच्याही आदल्या दिवशी होतो.

मी वर्गताईंना विचारायला गेले. मला वाटलं होतं, "काही पण आणा" म्हणतील. त्यांनी कपाटातून वही काढली. "एका मुलाला शेंगदाणा अजिबात चालत नाही, अंगभर गांधी उठून श्वास अडकतो. एकीला दूध चालत नाही. दोघं जैन आहेत, त्यांचं पर्युषण सुरू आहे, तेव्हा कांदा-बटाटा नको, भाजीपालाही नको. श्रावण संपलेला नसतो, म्हणून अंड्याचा केक नको. आणि ताई, गोल, कडक, चिकट असं काही नको बरं का."

शेवटचं वाक्य त्यांनी सर्वांत हळू म्हटलं, पण मला तेच सर्वांत मोठ्यानं ऐकू आलं. माझा भाचा अडीच वर्षांचा असताना चिवडा खाता खाता पळाला, हसला आणि ठसकला. दोन मिनिटं जोरात खोकला, मग शांत झाला. पाणी पाजलं, पाठ चोळली, सगळे निवांत झालो. पुढे तीन आठवडे त्याचा खोकला जाईना. सर्दीची औषधं झाली, वाफ झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी एका डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून विचारलं, "याला कधी ठसका लागला होता का?" भूल देऊन, दुर्बिणीनं उजव्या फुप्फुसाच्या नळीतून अर्धा शेंगदाणा काढला. ओल धरून तो फुगला होता. श्वासनळीचा उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद आणि सरळ असतो, त्यामुळे घसरलेली वस्तू बहुधा उजवीकडे जाते. आणि तो मधला शांत काळच फसवतो. खोकला थांबला म्हणजे दाणा बाहेर आला असं नसतं.

जर्मनीत गुस्टाव्ह किलियान यांनी श्वासनळीत अडकलेला हाडाचा तुकडा नळी घालून काढला तो १८९७ साली. त्याआधी अशा लेकरांचं काय होत असेल, हा विचार त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणून मी खाऊ निवडायला बसले ती चवीपासून नाही, घशापासून. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाच्या दाढा येतात, पण दाढा आल्या म्हणजे चावणं आलं असं नाही. कडक दाणा दोन दाढांमध्ये धरून बारीक दळण्याची सवय लागायला चार वर्षं तरी जातात. तोवर मूल पुढच्या दातांनी तुकडा पाडतं आणि उरलेलं तसंच मागे ढकलतं. अख्खं द्राक्ष म्हणूनच वाईट, ते गोल आणि गुळगुळीत असतं आणि दाबलं की नळीत बुचासारखं बसतं. द्यायचंच तर उभे चार काप करून द्यावं. फुटाणे, लाह्या, मक्याचे पॉपकॉर्न, लिमलेटच्या गोळ्या, छोट्या कपातली जेली ही सगळी त्याच जातीची.

शनिवारी इतवारीत गेले. चितार ओळीत गणपतींवर शेवटचा हात फिरत होता आणि बाहेर लाकडी बैलांच्या रांगा होत्या, बोटाएवढ्यापासून कमरेएवढ्यापर्यंत. काही बैलांच्या शिंगांत दिवे लुकलुकत होते. एक उचलून उलटा केला, तर पोटाशी बटणाएवढी बॅटरी आणि तिच्यावरचं झाकण नखानं उघडणारं. ही चपटी बॅटरी मुलानं गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून खोल भाजू शकतं. तो बैल खाली ठेवला. खाऊसोबत लुकलुकणारी अंगठी द्यायचा विचार होता, तोही तिथेच सोडला.

किराणा ओळीतल्या दुकानदारानं पुडे पुढे केले. "हे न्या ना जी ताई, लेकरं खूश होऊन जाते." बोटांत घालायच्या पिवळ्याजर्द बॉबी, गुलाबी गोळ्या, चिक्की. सुट्या मालाला ना नाव ना तारीख. बंद पाकिटावर मात्र पुष्कळ काही वाचता येतं. चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, आणि शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन, अंडं यांपैकी काय आत आहे ते लिहिणं बंधनकारक आहे. मी तिथे उभी राहून अकरा पाकिटं वाचली. सातांत दूध होतं आणि शेंगदाण्याचा उल्लेख बहुतेकांवर. २०२० च्या नियमांनी जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायला मनाई केली आहे. पण पालक डबा नेतात तो विकत नाहीत, वाटतात. तिथे पारख आपल्यालाच करावी लागते.

संत्रा बर्फीचा मोह मला पडलाच. नागपूरकर आणखी काय नेणार? पण त्यात खवा, आणि ऑगस्टच्या दमट हवेत खवा कधी फिरेल सांगता येत नाही. ताजी संत्री म्हणावं तर आंबिया बहाराला अजून दोन-अडीच महिने होते, आणि त्या फोडींतही बिया असतातच. राजगिऱ्याचा लाडू सात्त्विक खरा, पण लेकराच्या तोंडात तो भुगा होतो आणि त्या कोरड्या भुग्याचा ठसका लागतो.

घरी येऊन सासूबाईंना यादी दाखवली. "आई, सगळंच कटलं." त्यांनी चष्मा लावून वाचली. आधी त्यांना राग आला. त्यांच्या काळी तान्ह्या पोळ्याला ओंजळ भरून शेंगदाणे-फुटाणे दिले जात, आणि "आमची लेकरं काही मेली नाहीत" असं त्या बोलून गेल्या. मग भाच्याची आठवण झाली असावी, कारण त्या गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "गुळाच्या पुऱ्या कर. मऊ राहतात, दोन दिवस टिकतात, आणि दूध लागत नाही."

एवढंच! कोमट पाण्यात गूळ विरघळवून गाळून घेतला. गूळ मुद्दाम गडद रंगाचा आणला होता, कारण फार उजळ गुळात रंग काढण्यासाठी रसायन घातलेलं असू शकतं. कणीक, थोडं ज्वारीचं पीठ, वेलची आणि तेलाचं मोहन. तीळ-खसखस वगळले. अडचण कढईपाशी आली. आदल्या आठवड्यात त्याच कढईत साबुदाण्याचे वडे तळले होते, दाण्याचा कूट घालून. आणि घरातलं तेल घाण्यावरचं, शेंगदाण्याचं. अ‍ॅलर्जी असणाऱ्याला दाण्याचा कणही पुरतो, आणि घाण्याच्या तेलात तो अंश राहतो. सूर्यफुलाची नवी पिशवी फोडली, माळ्यावरची न वापरलेली कढई काढली, झारा आणि पोळपाट-लाटणंसुद्धा नीट घासून घेतलं. पुऱ्या जाडसर लाटल्या, वाटीनं गोल पाडल्या, आणि तळून गार झाल्यावर पुन्हा चार तुकडे केले. पुरी फुगून कुरकुरीत झाली तर बाजूला. मऊ तेवढीच डब्यात.

त्या रात्री शेंगदाणा न चालणाऱ्या मुलाच्या आईचा फोन आला. आवाज अवघडलेला. "राग मानू नका, तेल कोणतं वापरलं?" मी सगळं सांगितलं, कढईचंही. पलीकडून जरा वेळ काहीच आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "तरी मी त्याचा डबा देतेच सोबत." मी म्हटलं, अवश्य द्या. एका कागदावर साहित्य लिहून, तेलाच्या पिशवीचा आणि गुळाच्या वेष्टनाचा फोटो काढून त्यांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात बावीस बैल भिंतीला टेकवून उभे. ताईंनी आधी बैल ठेवायला लावले, मग हात धुवायला, मग मांडी घालून बसायला. "तोंडात घास असताना कोणी उठायचं नाही, बैलसुद्धा नाही." पुरीचा एकेक तुकडा आणि अर्धं केळं, सगळ्यांच्या ताटलीत तेच. ताई आणि मावशी दोघी उभ्या राहून नुसतं बघत होत्या, मोबाईल बाजूला. कोणी गप्प होऊन तोंडाला हात लावला, खोकला फुटेनासा झाला, तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा, त्यानं भागलं नाही तर पोटावर वरच्या बाजूला पाच झटके. हे त्या दोघींनी शिकून घेतलं आहे आणि दर महिन्याला बाहुलीवर करून बघतात. बोजाऱ्याचं नाणंही मुलांच्या हाती दिलं नाही. मुलं गिळतात त्या वस्तूंत नाणं सगळ्यांत वर असतं, म्हणून ते पाकिटात घालून, पाकीट दप्तराच्या आतल्या कप्प्यात.

एका मुलीनं आपला तुकडा बैलाच्या तोंडाला लावला आणि मग स्वतः खाल्ला. दूध न चालणाऱ्या मुलीनं दुसरा मागितला. माझ्या लेकीनं केळं आधी संपवलं.

सुटायच्या वेळी शेंगदाणा न चालणारा तो मुलगा फाटकाशी आला तेव्हा त्याच्या पिशवीतला डबा जसाच्या तसा होता. त्याच्या आईनं झाकण उघडून पाहिलं, आतल्या पोळीची गुंडाळी काढली, अर्धी त्याला दिली आणि उरलेली माझ्या लेकीपुढे धरली. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.